अध्यक्षांची लाळ

संग्रहालयाच्या दारात आठ फुटी फोटो लागला, त्या दिवशी धनंजय लोणकर स्वतःच्याच तोंडासमोर बराच वेळ उभे होते. माणसं गाभाऱ्यासमोर उभी राहतात तसे. फक्त हात जोडायचे राहिले होते.

फोटोत लोणकर पांढऱ्या कोटात होते. कपाळावर भिंग चढवलेलं, तेही उलटं. ओठांत बांबूच्या काडीला गुंडाळलेला कापूस, आणि पुढ्यात रामपंचायतन रंगवलेली एक जुनी लाकडी फळी. खाली अक्षरं होती, ‘वारसा जपणारे हात’. जी बाई खरोखर ती फळी जपत होती तिचं कोपर तेवढं फोटोच्या कडेला आलं होतं. छापणाऱ्याने तेही कापलं असतं, पण मग अध्यक्षांचा कान गेला असता.

ते कोपर रेवती घोलपचं. रेवती संग्रहालयाच्या संवर्धन विभागात होती. जुन्या चित्रांवरचा मळ काढायचा, सुटलेला रंग बसवायचा आणि आपण हात लावला हे कोणाला कळू द्यायचं नाही, असं तिचं काम. लोणकर म्हणजे बाटलीबंद पाणीवाले. डोंगरातलं पाणी डोंगराखालच्या लोकांनाच विकणारे. त्यांनी संग्रहालयाला एक यंत्र घेऊन दिलं, संग्रहालयाने त्यांना अध्यक्षपद दिलं. अशा देवघेवीला हल्ली संस्कृतीची सेवा म्हणतात.

फळी आली होती माडवेळच्या राममंदिरातून. रामनवमीच्या उत्सवात कमलबुवा शेडगे तिथे कीर्तनाला उभ्या राहतात आणि त्यांच्या पाठीशी ही फळी असते. बाई असून गाव त्यांना बुवाच म्हणतं, आणि त्यांना दुसरं काही म्हटलेलं खपत नाही. वर्षानुवर्षांच्या समयांनी रामाच्या तोंडावर अशी काजळी धरली होती, की मागच्या उत्सवात बुवांनी आळवून “काय ते मुख वर्णावं!” म्हटलं, तर पुढे बसलेली एक चिमुरडी खणखणीत आवाजात म्हणाली, “कुठाय?” सभा हसली. बुवांनी मात्र दुसऱ्याच दिवशी संग्रहालयाला फोन लावला.

रेवतीला कीर्तनाचं वेड. काम करताना ती बुवांची जुनी कीर्तनं हळू आवाजात लावून ठेवायची. बुवा दर आठवड्याला फोन करून विचारायच्या, “आमचा राम काय म्हणतो?” रेवती सांगायची, “आज कपाळ दिसलं, बुवा.” मग पलीकडून नुसता सुस्कारा यायचा. असं त्या दोघींचं चाललं होतं.

कपाळ उघडलं ते लाळेनं.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंसंच होतं, पण जगभरचे चित्रसंवर्धक हेच करतात. लाळेत पिष्टमय आणि तुपकट मळ सैल करणारी विकरं असतात. ती अंगाइतकी कोमट असते, आणि पाण्यापेक्षा किंचित दाट असल्यामुळे पसरत नाही, काडीच्या टोकाखालीच राहते. रंगावरच्या रोगणाच्या थराला धक्का न लावता काजळी उचलायची तर तिच्यासारखं दुसरं औषध नाही. रेवतीला हे शिकवलं डॉ. वाघधरे यांनी. तेव्हा ते डॉक्टरही नव्हते आणि संचालकही नव्हते. नुसते वाघधरे सर होते, आणि त्यांची बोटं इतकी हलकी होती की काडी आपोआप फिरते आहे असं वाटावं. “लाळ म्हणजे देहानं केलेला साबण,” ते म्हणायचे. आता त्या बोटांत लोणकरांच्या गाडीचं दार उघडण्याचं कसब आलं होतं.

रामाच्या फळीला हात लावायच्या आधी रेवती सकाळी चहासुद्धा घेत नसे. तोंड धुवायची, खळखळून चुळा भरायची, मनात नाव घ्यायची आणि मगच कापूस ओठांत धरायची. हे विभागाच्या कुठल्याही नियमात नव्हतं. तिचं तिलाच पटलेलं होतं.

जाफर मोमीन हा फोटोग्राफर आला तो संवर्धकांचे कामातले फोटो काढायला. पहिले दोन दिवस त्याने कॅमेरा बाहेरच काढला नाही. स्टुलावर बसून नुसता बघत राहिला. रेवतीला तेवढ्यावरूनच तो आवडला. तिसऱ्या दिवशी वाघधरे लोणकरांना घेऊन आत आले.

“मोमीनभाई, साहेबांचा एक घ्या.”

“घेतो की. साहेब इथे काय काम करतात?”

“अहो, साहेब अध्यक्ष आहेत!”

“ते कळलं हो. पण फोटो काम करताना घ्यायचे आहेत ना?”

लोणकर मोठ्यांदा हसले. मोठ्या माणसांना आपण विनोद समजून घेतो हे दाखवायला आवडतं. मग त्यांची नजर रेवतीकडे गेली. “ह्या बाई काडी का चोखतात?”

रेवतीने सांगितलं. लोणकरांनी अर्धंच ऐकलं. “एवढंच ना? मग मीही करतो. आण इकडे.”

“नको, साहेब. तिथलं रोगण तडकलेलं आहे, आत ओल...”

“रेवती,” वाघधरे म्हणाले, “फोटोपुरतं आहे गं.”

फोटोपुरता कोट आला, फोटोपुरतं भिंग आलं. लोणकरांनी कापूस तोंडात घोळवला, नुकत्याच खाल्लेल्या वेलदोड्यासकट, आणि मारुतीच्या पायाशी, जिथे रोगणाला तडे गेले होते नेमका तिथे, पोस्टाचा शिक्का मारावा तसा दाबला. एकदा नाही, मोमीनला उजेड पसंत पडेपर्यंत दाबत राहिले. रेवतीने ती जागा नंतर टिपून घेतली. जी ओल तड्यातून आत गेली ती गेली.

आता यंत्राचं सांगायला हवं. त्याचं नाव ‘स्पर्शवाचक’, आणि त्यामागची कल्पना खरंच सुंदर होती. तिला हसता येणार नाही. चित्रकार ब्रशाचं टोक अणकुचीदार करायला ते ओठांत धरतो. त्या ओलाव्याबरोबर त्याच्या पेशी रंगात उतरतात. रंगातला डिंक वाळतो आणि पेशींमधला जनुकांचा धागा तिथे अडकून राहतो. यंत्र रंगाचा केसाहून पातळ कीस काढतं आणि तो धागा वाचतं. पण काळ त्या धाग्यालाही सोडत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात आणि तुकड्यांच्या टोकांची अक्षरं ठरावीक रीतीने बिघडतात. हे बिघडणं हाच त्याच्या वयाचा दाखला. ताजा धागा अखंड, जुन्याचा चुरा.

आणि इथे शहाण्यांनी काय केलं बघा. चुरा वाचायला वेळ लागतो, उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना वेळ नसतो. म्हणून कंपनीने यंत्रात ‘दुरुस्ती’ची सोय ठेवली. तुटकं अंदाजाने जोडायचं, बिघडलेलं सुधारायचं आणि पडद्यावर नीटनेटकं उत्तर द्यायचं. म्हणजे ज्या खुणेवरून वय कळायचं ती खूणच यंत्र आधी पुसून टाकी. शिवाय विभागातल्या माणसांचे नमुने त्याला आधीच दिलेले असत; त्यांचे स्पर्श ते आपोआप वगळी. रेवती वगळली गेली. अध्यक्ष काही विभागात कामाला नव्हते.

यंत्राच्या उद्घाटनाला माडवेळची फळीच ठेवली, आणि लोणकरांनी मानाचा म्हणून आपलाही नमुना यंत्राला दिला. कीस काढला मारुतीच्या पायाशी, कारण चित्रकाराची सही असली तर ती तिथे असते, असं कोणीतरी म्हणालं. यंत्राने उत्तर दिलं. त्याच्या हिशेबाने चित्र काढणारा आणि धनंजय लोणकर यांच्यात काडीचाही फरक नव्हता. म्हणजे ते चित्र खुद्द लोणकरांनीच काढलं होतं. पण चित्र दोनशे वर्षांचं आणि लोणकर साठीतले. तेव्हा सॉफ्टवेअरने समजूतदारपणा दाखवला आणि पडद्यावर लिहिलं, ‘थेट वंशज’.

टाळ्या काय, हार काय! लोणकरांचे डोळे भरून आले. “तरीच,” ते म्हणाले, “लहानपणी माझी चित्रकला चांगली होती.”

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. ‘कर्ता-वारस कायदा’ नुकताच लागू झाला होता. कलाकृती कोणी केली याचा कागद नसेल, तर कर्त्याच्या रक्ताच्या वारसाचा हक्क पहिला. गरीब कारागिरांच्या घरांना काही मिळावं असा हेतू असावा कायदा करणाऱ्या बिचाऱ्यांचा. लोणकरांनी आठवड्याच्या आत दावा लावला. कारखान्याच्या दारात, बाटल्यांच्या प्रदर्शनाशेजारी, काचेत राम ठेवायचं ठरलं. फळीला सील लागलं. रामाचं तोंड अर्धं उजळ आणि अर्धं काजळलेलं, तसंच राहिलं.

कमलबुवांचा फोन आला. त्या दिवशी त्यांनी राम काय म्हणतो ते विचारलं नाही.

“तुझ्या भरवशावर दिला होता,” त्या म्हणाल्या.

“बुवा, यात काहीतरी...”

“काहीतरी काय? माहीत असेल तर सांग. नसेल तर ठेव फोन.”

रेवतीला माहीत होतं. त्यासाठी हुशारी लागत नव्हती. पुरावा दारात आठ फूट उंच टांगला होता, खाली दिवे लावून. तरी तिने फोन ठेवला, आणि आधी वाघधऱ्यांच्या खोलीत गेली.

“सर, ती लाळ त्यांची आहे. त्या दिवशीची.”

वाघधऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “असेल.”

“असेल काय? तुम्ही समोर होतात!”

“सांग ना मग. जाऊन सांग. काय सांगशील? आमच्याकडे देवाच्या तोंडाला थुंकी लावतात, अध्यक्षांनी बघून बघून लावली? पुढचा प्रश्न कोणाला विचारतील? त्यांनी लावली मारुतीच्या पायाशी. तू कुठे लावलीस?”

रेवतीचा हात नकळत ओठांपाशी गेला.

“आणि मग गाव काय करेल माहीत आहे तुला. धरणापलीकडच्या देवळात उंदीर मेला म्हणून तिथल्या लोकांनी त्यांची फळी पंचगव्याने धुतली होती. आठवतं ना?”

आठवत होतं. तड्यांतून ओल आत गेली, डिंक फुगला आणि सगळा लाल, सगळा निळा खालच्या परातीत उतरला. तिथले विश्वस्त ती कोरी फळी घेऊन तिच्याकडे आले होते, काही करता येतं का विचारायला.

“लोणकरांकडे निदान काचेत तरी राहील,” वाघधरे म्हणाले. “तुला चित्र हवं आहे की खरेपणा?”

असा प्रश्न घालून माणसं कशी मोकळी होतात! दोन्ही हवं असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

कायद्याप्रमाणे सुनावणी वस्तूच्या मूळ जागी व्हायची. म्हणून एका सकाळी माडवेळच्या सभामंडपात सगळे जमले. वारसा आयुक्त म्हणून एक करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई आल्या होत्या. मंदिराचे विश्वस्त खवळे गावकऱ्यांसह पुढे बसले. लोणकर नवा रेशमी सदरा घालून, वंशजाला शोभेल असं गंध लावून आले होते. कंपनीचा इंजिनियर यंत्र घेऊन आला. मोमीनही आला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. कमलबुवा खांबाला टेकून बसल्या होत्या. रेवतीने नमस्कार केला, तर त्यांनी मान हलवली, एवढंच. फळी जिथे उत्सवात असते तिथेच ठेवली होती.

आयुक्तबाईंनी वाघधऱ्यांना विचारलं, “नमुन्यात बाहेरचं काही मिसळण्याची शक्यता?”

“शून्य. आमची पद्धत निर्जंतुक आहे.”

“साफसफाई कशाने करता?”

“शास्त्रोक्त द्रावणांनी.”

रेवतीने सरांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. ती उठली.

“लाळेने करतो,” ती म्हणाली. “सरांनीच शिकवलं मला. रामाचं कपाळ, नाक आणि डावा गाल मी माझ्या लाळेने पुसला आहे. मारुतीच्या पायाशी लोणकरसाहेबांनी लावली, फोटो काढायला. यंत्राने ती वाचली.”

एकदम कालवा झाला. “थुंकी?” “रामाच्या तोंडाला?” “अगं, लाज कशी...”

मोमीन मागून ओरडला, “मीच काढला तो फोटो! संग्रहालयाच्या दारात लावलाय, जाऊन बघा. वेळ-तारीख सगळं आहे माझ्याकडे.”

लोणकर उठले. पाणी विकणाऱ्या माणसाला घसरड्या जागी उभं राहता येतं. आवाजात मध आणून ते म्हणाले, “मंडळी, रामरायाने उष्टी बोरं गोड मानली. आज माझी चार थेंब लाळ त्याच्या चरणाशी पोचली असेल, तर मी ते भाग्यच समजतो.”

“बसा,” कमलबुवा म्हणाल्या. खांबाला टेकूनच. “ती बोरं देवाच्या तोंडी आंबट जाऊ नयेत म्हणून चाखली होती. तुम्ही काय चाखत होतात? कॅमेरा?”

मंडपात खसखस पिकली. लोणकर बसले नाहीत, पण उभे असल्यासारखेही दिसेनात.

आयुक्तबाई इंजिनियरकडे वळल्या. “दुरुस्ती बंद करून वाचता येतं?”

“येतं, मॅडम. पण ते गिऱ्हाइकाला फार गोंधळात टाकतं.”

“मी गिऱ्हाईक नाही. कोणालाही वगळू नका. मारुतीचा पाय वाचा, आणि हा डावा गालही.”

यंत्राला वेळ लागला. तेवढ्यात चहा आला. कोणी घेतला नाही, वाघधऱ्यांनी घेतला. मग पडदा उजळला. मारुतीच्या पायाशी धनंजय लोणकर, अखंड आणि ताजे, मंडईतल्या भाजीसारखे. डाव्या गालावर रेवती घोलप, तीही ताजीच. आणि त्या दोघांच्या खाली, दोन्हीकडे, नुसता चुरा. तुटकी, टोकं बिघडलेली अक्षरं. हाच खरा चित्रकार. इंजिनियरने त्याचं नातं शोधायला लावलं. पडदा म्हणाला, ‘कोणाशीही नाही’.

“चांगलं झालं,” बुवा पुटपुटल्या. “राम काढला आणि आपलं नाव मागे ठेवलं नाही. असा होता तो.”

आयुक्तबाईंनी दावा फेटाळला आणि फळी मंदिराची म्हणून जाहीर केली. लोणकरांनी यंत्रच सदोष असल्याचं सांगितलं. तेच यंत्र, ज्याने त्यांना कलावंत ठरवलं होतं. वाघधरे त्यांच्या मागोमाग दोन पावलं गेले, मग रेवतीकडे बघून थांबले. कुठे जावं ते त्यांना ठरवता येईना. बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवलं असतं तर बरं झालं असतं.

राम वाचला, असं रेवतीला वाटलं. तेवढ्यात विश्वस्त खवळे उठले.

“आता शुद्धी. उशीर नको. आणा रे ते पातेलं.”

पातेलं आलं. शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप. म्हणजे लाळेची चर्चा चालू असतानाच कोणीतरी ते कालवायला पाठवलं होतं. रेवती धावत फळीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

“काका, नका. याचं रोगण तडकलंय, ओल आत जाईल. सगळा रंग उतरेल. हवं तर मला ओता. माझ्या डोक्यावर ओता.”

“तू बाजूला हो. आधी थुंकायचं आणि वर आम्हाला शिकवायचं!”

“खवळे,” कमलबुवा म्हणाल्या, “ही तुमची सून काय करते आहे?”

सगळ्यांनी वळून बघितलं. पहिल्या रांगेत खवळ्यांची सून नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पोराच्या गालाला गूळ लागला होता. एवढ्या कालव्यात तिने पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं होतं आणि ती पोराचा गाल पुसत होती. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे कळल्यावर तिचा हात तसाच राहिला.

“अगं थांबू नकोस, पूस,” बुवा म्हणाल्या. “काय हो खवळे? तुमच्या आईनं तुमचं तोंड कशानं पुसलं होतं? द्रावणानं? मग कितीदा पंचगव्यात बुडवलं तुम्हाला?”

मागे बसलेल्या बायकांत हसू फुटलं, मग पुरुषांत. शेवटी खवळे स्वतःच ओशाळं हसले आणि पातेलेवाल्याला म्हणाले, “ठेव ते तुळशीपाशी.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि फळीपाशी आल्या. बराच वेळ त्यांनी रामाचा उजळलेला गाल बघितला. मग दुसरा.

“तोंड धुऊन बसायचीस?”

“हो, बुवा. चहासुद्धा घेत नव्हते.”

“आज घेतलास?”

“नाही.”

“मग हा गाल असा का ठेवलास? अर्ध्या तोंडानं सभेत बसेल का तो? बस खाली. पूस.”

रेवतीने पिशवीतून काडी काढली, कापूस गुंडाळला आणि ओठांत धरला. कापूस कोरडाच राहिला. सकाळपासूनच्या धास्तीने तोंडात थेंब उरला नव्हता. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि रडकुंडीला आली.

“कोरड पडली आहे, बुवा.”

बुवांनी तिच्याकडे बघितलं, मग सभेकडे. पदर कमरेला खोचला, एक पाऊल पुढे टाकलं आणि कीर्तनाला लावतात तो आवाज लावला.

“मंडळी, चिंचेचं झाड आठवा. देवळामागचं. खालच्या फांदीला एक गाभुळलेली चिंच लटकलेली. टरफल कसं, बोट लावलं की कट्कन फुटणारं! आत पिवळट गर, अजून पुरता पिकलेला नाही. वर मिठाचा खडा दाबला. तिखटात बुडवली. आणि अशी दाढेखाली...”

सबंध मंडपाने आवंढा गिळला. खवळ्यांनी गिळला, आयुक्तबाईंनी गिळला, दाराशी चपला शोधणाऱ्या लोणकरांनीसुद्धा गिळला. बुवा चिंचेवर चिंच सोलत राहिल्या. रेवतीने ओला झालेला कापूस ओठांतून काढला, रामाच्या उजव्या गालावर अलगद टेकवला आणि फिरवायला लागली.